डावा बाण

"ताई, एक्सेलमधी फॉर्म्युला लिहिताना एफ-टू दाबल्याबिगर बाणाला हात लावू नका. शेजारचा सेल मधी घुसतोय बघा," रुद्राणी म्हणाली होती.

"माझं एम.कॉम. झालंय, बाई. तू उदगीरहून येऊन मला शिकवून राहिलीस?" मी हसण्यावारी नेलं.

नांदेडातल्या आमच्या संस्थेत गावोगावच्या लेकरांची वजनं येतात. मागच्या महिन्यापेक्षा वजन घटलं की त्या नावापुढं फॉर्म्युला खूण करतो. खूण असेल त्या घरी आमची सेविका जाते. ते शीट माझ्याकडं. पण शेजारच्या टेबलावरची रुद्राणी माउसला हात न लावता माझ्या दुप्पट काम करायची, तेही एका हातानं. दुसऱ्या हातावर माझी लुंबिनी असायची. माझ्यापाशी किरकिरणारी पोर तिच्या खांद्यावर गप्प. घरी गेल्यावरही लुंबिनीच्या केसांना रुद्राणीच्या तेलाचा वास यायचा. मी तिला पुन्हा न्हाऊ घालायची.

त्या दिवशी नवं शीट करत होते. या महिन्याच्या वजनाचा सेल लिहिला, पुढं 'पेक्षा कमी'चं चिन्ह टाकलं. लिहिलेलं बरोबर आहे का बघायला मागं जावं, म्हणून डावा बाण दाबला. तेवढ्यात लुंबिनी रुद्राणीकडं बघून खळखळून हसली. माझी नजर तिकडं, बोट एंटरवर. तोच फॉर्म्युला खालपर्यंत ओढला.

एकही खूण आली नाही.

"बघ, माझ्या शीटात एकाही लेकराचं वजन घटलं नाही," मी तिला ऐकवलं.

बारा दिवसांनी तिनंच त्या सेलवर एफ-टू दाबलं. डाव्या बाणानं शेजारचा सेल आत घेतला होता; या महिन्याचं वजन याच महिन्याच्या वजनाशी ताडलं जात होतं. तिनं लुंबिनीला माझ्या मांडीवर दिलं आणि फॉर्म्युला दुरुस्त केला. अकरा खुणा उमटल्या. मांडीवरची लुंबिनी तिच्याकडंच हात करून रडत होती, आणि तेव्हासुद्धा मला आधी राग आला तो त्याचाच.

सेविकेला दहा लेकरं घरी भेटली. अकरावं मुदखेडच्या रेवणप्पाचं; त्याच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "धर्माबादला मिरचीच्या कामाला गेले की. आठ दिस झाले. लेकरू बी संगं नेलं."

शिवांश. चौदा महिन्यांचा, सात किलो. तुम्ही धर्माबादकडचे असाल तर मिरचीच्या ढिगांपाशी जरा विचारा. आजी बसम्मा त्याला घेऊन बसली असेल. वजनकाटा नसला तरी चालेल. त्याला नुसतं उचलून बघा, आणि मला कळवा.