कोमट फरशी

मोजपट्टीचं एक टोक भट्टीच्या तोंडाशी दाबून धरत नव्या मालकाने दुसरं टोक मिस्त्रीच्या हातात दिलं, तेव्हा बेकरीवाली पाव बाहेर काढत होती. तिच्या फळीचा दांडा चांगला लांब. पाव ओढून घेताना तिला मागे सरकावं लागे, आणि नेमक्या त्याच जागेत मिस्त्री उकिडवा बसला होता.

"सरका," ती म्हणाली.

मिस्त्री सरकला, मालक मात्र सरकला नाही. त्याचा शर्ट, त्याची विजार, खिशातला रुमालसुद्धा कडक इस्त्रीचा असे. घर विकत घेऊन तो वरच्या मजल्यावर राहायला आला त्याच आठवड्यात तिने त्याचं नाव इस्त्री ठेवलं होतं. पिठाच्या टेबलापासून अंग चोरून उभा राहत तो मिस्त्रीला म्हणाला, "हे पाडलं की गाडी आरामात आत येईल. दार तेवढं रुंद करायचं."

"काय पाडलं की?"

"हे." त्याने भट्टीकडे बोट केलं. "तुमच्या मिस्टरांना बोललोय मी. करार संपलाय. महिनाअखेर जागा मोकळी करून द्या."

"महिनाअखेर म्हणजे पुढचा आठवडा."

"हो ना."

"आणि नोटीस?"

"अहो, आता सांगतोय ती काय मग?" तो हसला. "करारच संपला म्हटल्यावर नोटीस कसली? आणि तो होता आधीच्या मालकाशी. माझा तुमच्याशी काय संबंध?"

"तुम्ही घर बघायला आलात तेव्हा आम्ही आतच होतो की. माझ्या हातचं बिस्किट खाल्लंत तुम्ही. तेव्हा होता का संबंध?"

तो मिस्त्रीकडे वळला. मिस्त्रीने आकडा सांगितला, त्याने मान डोलावली, आणि दोघं निघून गेले. भट्टीत राहिलेले पाव तोवर एका बाजूने काळे पडले होते. तिने ते एकेक करून टोपलीत आपटले. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती भट्टीसमोर उभं राहून जास्तच लवकर जात असावी.

ही भट्टी तिच्या सासऱ्यांनी स्वतः बांधली होती. वरची कमान तीनदा पाडून चौथ्यांदा मनासारखी जमली, हे ते मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सून घरात आली तेव्हा त्यांनी तिला दोनच गोष्टी बजावल्या. एक, भट्टी कधी पूर्ण विझू द्यायची नाही, सुट्टीच्या दिवशीही राखेखाली निखारा ठेवायचा. दोन, विझलीच तर पेटवताना घाई करायची नाही, विटांना तडे जातात. बाकी घरात कोण काय म्हणतं याकडे तिने आयुष्यभर काणाडोळा केला, या दोन गोष्टींकडे नाही.

रोज पाव न्यायला येणाऱ्या वकीलबाईंना तिने त्याच दिवशी गाठलं. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"करार संपल्यावरही आधीच्या मालकांनी तुम्हाला राहू दिलं ना? भाडं घेत राहिले ना?"

"हो. यानेही घेतलं गेल्या महिन्याचं."

"मग तुम्ही आजही भाडेकरूच. मालक बदलला म्हणून ते पुसलं जात नाही. उठवायचं तर त्याला लेखी नोटीस द्यावी लागेल, तीन महिन्यांच्या मुदतीची. तोवर जागचं हलायचं नाही. आणि हे बघा, धंदा एक दिवसही बंद ठेवू नका. तो म्हणेल, हे स्वतःच सोडून गेले."

एवढं सोपं होतं. हेच वर जाऊन सांगायला तिने नवऱ्याला पाठवलं. तिला स्वतःला जायचं नव्हतं, कारण गेली असती तर नोटीस बाजूला राहिली असती आणि भलतंच काहीतरी होऊन बसलं असतं. नवरा गेला तो बऱ्याच वेळाने खाली आला.

"काय म्हणाला?"

"बसा म्हणाले. चहा केला."

"प्यायलात?"

"आलाच समोर तर काय करणार? गरम होता."

"मुदतीचं बोललात का?"

"काढणारच होतो विषय. तेवढ्यात त्यांनीच विचारलं, दुसरी जागा बघितली का म्हणून. ओळखीत आहे म्हणे एक, बाजाराच्या पलीकडे." नवऱ्याने टेबलावरचं पीठ उगाच हाताने गोळा केलं. "माणूस वाईट नाही गं. म्हातारी आई असते त्यांच्याजवळ. खुर्ची सोडून खाली फरशीवर बसलेली होती बिचारी."

म्हातारीचं तिने ऐकलंच नाही. तिने फक्त चहाचं ऐकलं. बापाची भट्टी पाडायला निघालेल्या माणसाकडे हा बसून चहा पिऊन आला होता, आणि वर गरम होता म्हणून सांगत होता.

ती कोपऱ्यातल्या लाकडांच्या ढिगाकडे गेली, हातात घेतलेला ओंडका तिने परत ठेवून दिला.

"वर फरशी कोमट असते, माहितीये ना तुम्हाला?" ती म्हणाली. "आधीच्या मालकीणबाई त्या फरशीवर पोरांचे कपडे वाळवायच्या. हा फुकट शेकतोय आपल्या लाकडांवर, आणि आपल्यालाच हाकलतोय. संबंध नाही म्हणतो. ठीक आहे. नाही तर नाही. बघू दे थंडीत कसं वाटतं."

"अगं, म्हणजे काय करणार तू?"

"काही नाही करणार. लाकूड घालणार नाही."

"वेड लागलंय का? बाबांनी..."

"बाबांचं नाव काढू नका. चहा प्यायलात तेव्हा आठवले नाहीत बाबा."

रात्रभर भट्टी आपली आपण निवत गेली. सकाळी तिने फावड्याने राख बाहेर ओढली तेव्हा तिच्यात एकही लाल ठिपका नव्हता. विटा आतून बारीक आवाज करत होत्या. नवरा दारात उभा राहून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकांना आज पाव नाही, आज पाव नाही, असं सांगत होता, आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली. तिला वाटत होतं, आता वरून आरडाओरडा होईल. इस्त्री धावत खाली येईल आणि विचारेल, हे काय चालवलंय. मग ती त्याला सांगणार होती काय चालवलंय ते. वाक्यं तयार होती.

तो दुसऱ्या दिवशी आला. जाड कोट घालून, मजेत. त्याने आत डोकावून थंड भट्टी पाहिली, रिकामे साचे पाहिले.

"वा!" तो म्हणाला. "आवरायला घेतलंत, बरं झालं. उगीच वाद कशाला? मिस्त्रीला उद्याच बोलावतो मग."

तयार ठेवलेलं एकही वाक्य तिला सापडलं नाही. तो गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "वकीलबाई हेच म्हणाल्या होत्या ना?"

"गप्प बसा."

तिने कमानीखाली हात घालून पाहिलं. ज्या विटेला इतक्या वर्षांत कधी नुसत्या हाताने शिवता आलं नव्हतं, ती आता तिच्या तळहातापेक्षा गार होती. आणि मधोमध, बोटाला जाणवेल अशी, केसाएवढी एक फट होती. फार मोठी नाही. पण परवापर्यंत ती तिथे नव्हती, आणि ती इस्त्रीने पाडलेली नव्हती. तिने हात बाहेर काढला, पदराला पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिली.

सकाळी ती साचे धूत असताना जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग बऱ्याच वेळाने दुसरी. मागच्या दारातून एक म्हातारी आत आली. दोन शाली, पायात पुरुषी मोजे. कुणी या म्हणण्याआधीच पिठाच्या पोत्यावर टेकली आणि दम खात राहिली.

"फरशी गार का पडली?" तिने विचारलं.

"भट्टी विझवली."

"का?"

"तुमच्या मुलाला विचारा, आजी."

"त्याने विझवली?"

"नाही. मी."

"मग त्याला कशाला विचारू? तुला विचारते."

बेकरीवालीने हातातला साचा आपटला. मग ती जी सुटली ती सुटलीच. मोजपट्टी, गाडी, महिनाअखेर, नोटीस, मुदत, सासऱ्यांची कमान, सगळं. "जनावरालासुद्धा कुणी असं हुसकत नाही," ती म्हणाली. "तोंडावर सांगायचं, निघा. आम्ही काय रस्त्यावरून उचलून आणलेलं सामान आहोत?"

 म्हातारी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहिली.

"मलाही असंच सांगितलं त्याने," ती म्हणाली. "एका संध्याकाळी आला. म्हणे आई, घराचं गिऱ्हाईक नक्की झालंय, उद्या आवरायला घेऊ. माझं घर गं. तिथं माझी लेकरं झाली, माणूस गेलं. उद्या आवर म्हणे! त्याच पैशांत हे घेतलं. माझ्या सोयीसाठी घेतलं म्हणतो." तिने मोज्यातले पाय एकमेकांवर घासले. "वर सगळं परकं. नळ उलटा फिरतो, खिडकी उघडत नाही. एक फरशी तेवढी चांगली होती. पहिल्या दिवशी चुकून खाली बसले नि उठावंसंच वाटेना. गुडघे बोलायचे बंद झाले. त्याला वाटलं, म्हातारी रुळली. मला आतून ठाऊक होतं, खाली कुणीतरी राबतंय म्हणून मी वर बसलेय."

बेकरीवालीने तिच्या मोज्यांकडे पाहिलं.

"तुला नोटीस पाहिजे, मुदत पाहिजे. बरोबर आहे तुझं. मिळायलाच पाहिजे." म्हातारीने मान वर केली. तिचे डोळे रागाने लाल झाले होते. "मग मला का गं नाही दिलीस? दोन रात्री काढल्या मी त्या बर्फावर."

 बेकरीवालीने साचा उचलला, परत ठेवला. मग आतून नवऱ्याची गोधडी आणून म्हातारीच्या पायांवर घातली. म्हातारीने ती झटकली नाही, पण नीट ओढूनही घेतली नाही.

तेवढ्यात पुढच्या दाराशी मिस्त्री आला. खांद्यावर घण होता. मागोमाग इस्त्री.

"आई? अगं, तू इथं काय करतेस? वर शोधतोय तुला. चल, संध्याकाळी हीटर आणतो."

म्हातारी उठली. काठी टेकत भट्टीपर्यंत गेली, तोंडाशी असलेल्या दगडी कट्ट्यावर पाठ भट्टीकडे करून बसली आणि काठी मांडीवर आडवी ठेवली.

"आई, ऊठ. इथं तोडफोड करायचीय."

"नोटीस दे."

"काय?"

"लेखी दे. तीन महिन्यांची मुदत घालून दे. मग बघीन उठायचं की नाही ते."

"आई, काय तमाशा आहे हा? लोक बघतायत."

"बघू देत. मागच्या वेळी कुणी बघायला नव्हतं, म्हणून तर गुपचूप उठले."

इस्त्रीने बेकरीवालीकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. नवऱ्याने आज नजर खाली घातली नाही.

"नोटीस आम्हालाही लागेल, साहेब," तो म्हणाला. "लेखी. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं."

मिस्त्रीने घण खांद्यावरून उतरवून भिंतीला लावला.

बेकरीवालीने ढिगातून अगदी बारीक काटक्या वेचल्या. मुठीत मावतील एवढ्याच. म्हातारीच्या बाजूने हात आत घालून तिने त्या कमानीखाली रचल्या, त्या केसाएवढ्या फटीपासून जमेल तेवढ्या लांब, आणि काडी ओढली.

"एवढ्याशाने काय होणार?" म्हातारी मान न वळवता म्हणाली.

"आज काही नाही होणार. हळूहळू वाढवावी लागते. फरशी कोमट व्हायला आठवडा जाईल. कमान टिकली तर."

"माझ्या गुडघ्यांना सांग ते." जरा वेळ ती काटक्यांचा आवाज ऐकत राहिली. "यापुढे विझवायची झाली तर आधी वर येऊन मला सांगायचं."

"हो, आजी," बेकरीवाली म्हणाली, आणि आणखी काटक्या आणायला वळली. इस्त्री अजून तिच्या वाटेतच उभा होता.

"सरका," ती म्हणाली.