पासवरचे परके

आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर एकाचाही बसलेला नाही, आणि बसला तर त्या माणसाला मी घरी बोलावून चहा पाजीन. पण घडलं ते असं.

एका देशात दोन विमानकंपन्या होत्या. एक सरकारी. तिला सगळे थोरली म्हणायचे, कारण ती आधीपासून होती आणि खानदानी घरातल्या थोरल्या सुनेसारखी कर्ज काढून आब राखायची. दुसरी खाजगी. तिच्या विमानांना पिवळा रंग, म्हणून ती पिवळी.

पिवळीचं तिकीट विमानतळावर न्यायच्या टॅक्सीपेक्षा स्वस्त. बाकी सगळ्याचे पैसे मात्र वेगळे. पाण्याचे वेगळे, खिडकीचे वेगळे, आणि खिडकीतून बाहेर बघितलंत तर बघण्याचे वेगळे. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले की गुडघ्यांचं भाडं सुरू. उतरल्यावर विमान पूर्ण थांबायचंसुद्धा नाही. एका दारानं माणसं उड्या मारत उतरायची, दुसऱ्या दारानं पळत चढायची, आणि तेवढ्यात पायलट स्वतः झाडू मारून घ्यायचा. लोक पिवळीला शिव्या द्यायचे आणि पिवळीनंच जायचे. तिची विमानं इतकी वाढली, की ढगांना उभं राहायला जागा उरली नाही.

थोरलीचा थाट निराळा. गालिचे, सोनेरी काठाच्या बशा, अत्तर शिंपडलेले गरम टॉवेल. नुसते चमचे पुसायला एक खातं, त्याला एक मॅनेजर, आणि त्या मॅनेजरला चमच्यांची खबर द्यायला एक उपमॅनेजर. स्वागताची घोषणा इतक्या भाषांत व्हायची, की ती संपेपर्यंत विमान उतरून गेलेलं असायचं. सगळं होतं, फक्त प्रवासी नव्हते.

ह्या थोरलीच्या राजधानीला जाणाऱ्या सकाळच्या विमानावर नवाब चीफ स्टुअर्ड होता. त्याचं खरं नाव त्याची बायकोही विसरली होती. तो रिकाम्या खुर्चीपुढेही वाकून "काय घेणार?" असं विचारायचा, आणि खुर्चीला विचार करायला वेळ द्यायचा.

एके दिवशी थोरलीच्या बड्या मॅनेजरनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"सोमवारी समितीचे साहेब तुझ्या विमानात बसणार आहेत. विमान भरलेलं दिसलं तर चालू राहील. रिकामं दिसलं तर तुझी सकाळची वेळ पिवळीला."

"आणि मी?"

"तू तळघरात. हरवलेल्या सामानाच्या खात्यात."

"सामान शोधायला?"

"छे रे. तिथं कोणी काही शोधत नाही."

नवाबाच्या पाचावर धारण बसली. तळघर त्यानं पाहिलं होतं. त्याचा एक जुना सोबती तिथं बसायचा. एकच ट्यूबलाइट, तीही लुकलुकणारी, आणि छतापर्यंत बॅगा. नवाब त्याला भेटायला गेला तेव्हा तो एका निळ्या सूटकेसला हळू आवाजात विचारत होता, "उशी देऊ का?"

दुसरा कोणी असता तर रस्त्यावरची माणसं गोळा करून आणली असती, आणि ते शहाणपणाचं ठरलं असतं. पण ज्याचा जन्म थोरलीत गेला त्याला संकटात पहिल्यांदा पासच आठवतो. नोकरांच्या नातेवाइकांना फुकट पास, ही थोरलीची एकच योजना जोरात चालत असे. नवाबानं स्वतःचे भाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, बहिणी, मेव्हणे, साडू, व्याही, विहिणी, झाडून सगळ्यांचे पास काढले. बायकोची मावशी, म्हणजे नवाबाची मावससासू, हिला कोणी बोलावलंच नव्हतं. ती सगळ्यात आधी हजर झाली.

गावोगावची मंडळी आदल्या दिवशी येऊन पोचली ती पिवळीनं.

"अरे, थोरलीचा पास असताना पिवळीनं कशाला आलात?" नवाबानं कपाळावर हात मारला.

"वेळेवर पोचायचं होतं ना," साडू म्हणाला.

रात्री जेवणं झाल्यावर नवाबानं सगळ्यांना तंबी दिली. "विमानात कोणी कोणाला ओळख द्यायची नाही. मला तर मुळीच नाही. साहेबांनी विचारलं, हिच्यानंच का जाता, तर म्हणायचं, 'सेवा चांगली, माणसं चांगली, मनाला बरं वाटतं.' बास. जास्त शहाणपणा नको."

"मी खिडकीत बसणार," मावससासू म्हणाली.

सोमवारी विमान गच्च भरलं. एक बिघडलेली खुर्ची होती, तिच्यावरही एक व्याही सांभाळून बसले. समितीचे साहेब, बारीक चणीचे, चष्मेवाले, पहिल्या रांगेत आले आणि मागं वळून बघतच राहिले. थोरलीचं भरलेलं विमान हयात माणसांपैकी कोणी पाहिलं नव्हतं. पायलटसुद्धा बाहेर येऊन बघून गेला.

सुरुवात झकास झाली. नवाबाचे दोन चुलते बांधाच्या भांडणापायी कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ओळख द्यायची नाही म्हटल्यावर ते शेजारी बसले आणि गप्पांना लागले. "आपण कुठले?" "मी तिकडचाच. आपण?" "वा! आणि घरी कोण कोण?" "एक भाऊ आहे, पण त्याचं नाव नका काढू." "माझंही तेच हो!" राजधानी यायच्या आत दोघांनी एकमेकांना घरी यायचं आमंत्रण दिलं.

साहेब उठले आणि रांगारांगांतून फिरू लागले. नवाब ट्रे घेऊन त्यांच्या मागे.

"का हो, पिवळी सोडून हिच्यानं का जाता?"

"सेवा चांगली, माणसं चांगली, मनाला बरं वाटतं," साडू म्हणाला.

पुढच्या रांगेत मेव्हणा म्हणाला, "सेवा चांगली, माणसं चांगली, मनाला बरं वाटतं."

त्याच्या पुढच्या रांगेत आतेभाऊ म्हणाला, "सेवा चांगली, माणसं चांगली, मनाला बरं वाटतं. बास. जास्त शहाणपणा नको."

नवाबानं घाईनं साहेबांच्या हातात गरम टॉवेल दिला. साहेबांनी त्यानं चष्मा पुसला, आणि मग त्यांना अधिकच स्पष्ट दिसायला लागलं. नवाबाच्या घराण्याचं नाक म्हणजे मोठं, आणि शेंड्याला जरा डावीकडं वाकलेलं. रांगेमागून रांग तेच नाक.

"ह्या भागातल्या लोकांची नाकं अशीच असतात?"

"पाण्याचा गुण, साहेब," नवाब म्हणाला.

"तुमचंही तसंच आहे."

"मीही तेच पाणी पितो."

साहेबांनी मान डोलावली. समितीतल्या माणसाला पाण्यावर फोडलेलं खापर लगेच पटतं. ते जागेवर येऊन बसले. नवाबानं सोनेरी काठाच्या बशीत ऑम्लेट वाढलं, ते त्यांनी संपवलं, बशी उलटी करून तिच्यावरचा छाप बघितला आणि सुस्कारा सोडला.

"खरं सांगू? मी हे विमान बंद करायच्या तयारीनं आलो होतो. पण लोकांचा एवढा ओढा असेल तर कोण बंद करणार? सकाळची वेळ तुमचीच राहील. मी तसं सांगतो."

नवाबाला एकदम हलकं वाटलं. विमान खाली यायला लागलं होतं. पट्टा बांधून गप्प बसायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. पण साहेब चहाच्या शेवटच्या घोटाबरोबर म्हणाले, "पूर्वी म्हणे तुमची ऐट याहून मोठी होती?"

असा प्रश्न नवाबाला बऱ्याच वर्षांत परक्या माणसानं विचारला नव्हता. घरातले विचारत नसत. ते उठून जात.

"ऐट?" नवाब साहेबांच्या शेजारी टेकलाच. "साहेब, एका राजाची पांढरीशुभ्र घोडी होती. तिला परदेशात शर्यतीला न्यायची. राजा म्हणाला, माझी घोडी सामानात जाणार नाही. पहिल्या वर्गात बसवली. ह्याच खुर्चीत, जिथं तुम्ही बसलात."

"काय सांगता!" साहेबांनी खुर्चीच्या हातांवरून आपले हात उचलले.

"पट्टा पुरेना, तर दोन पट्टे जोडले. मी विचारलं, काय घेणार? तिनं मेनू हुंगला आणि सूपवर नाक ठेवलं. चांदीच्या चमच्यानं पाजलं, साहेब. एक थेंब सांडला नाही."

मागच्या रांगांमधली कुजबुज थांबली होती. सगळे ऐकत होते. साहेब पुढं झुकले होते, चष्मा नाकावर उतरला होता.

"मग?"

"मग काय, शर्यत जिंकली. पण परतीच्या वेळी राजाच्या खास विमानात चढेना. लगाम तोडून धावपट्टीवर आली आणि आमच्या विमानाच्या शिडीशी उभी राहिली. मी दारात होतो. मला बघून तिनं पुढचा पाय वाकवून..."

खिडकीजवळ पट्टा सुटल्याचा खट्ट आवाज झाला. मावससासू उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर खूप वेळ काहीतरी दाबून धरल्याचे भाव होते.

"खोटं! साफ खोटं, जावईबापू! आमच्याकडे जेवायला येऊन सांगितलंत तेव्हा ती बकरी होती!"