टिंबासकट

इस्रायलमधल्या हैफाहून नोआ हज़ान नावाच्या बाईंचं पत्र आलं, तेव्हा वर्ध्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथपाल मंजुषा भोयर यांना आधी पेट्या आठवल्या. नोआची आत्या हन्ना तरुणपणी सेवाग्रामला आली आणि पुढं जवळच्या आंजी गावात लहान मुलांची शाळा काढून तिथंच राहिली. ती गेल्यावर तिच्या दोन लोखंडी पेट्या कॉलेजकडे आल्या होत्या. आत पुस्तकं आणि हातानं लिहिलेल्या वह्या, सगळं हिब्रूत. नोआला त्यातली एक वही पाहायची होती, आत्या आपल्या पत्रांत जिच्याबद्दल लिहायची ती पक्ष्यांची वही.

मंजुषाताईंनी कॉम्प्युटरवर शोधलं. पेट्यांची यादी पूर्वी बाहेरच्या एका माणसाकडून इंग्रजी अक्षरांत करून घेतली होती. हज़ान या नावाखाली सहाच नोंदी निघाल्या, त्यांत पक्ष्यांची वही नव्हती. वही नाही म्हणून कळवून टाक, असं त्यांनी सहायक रीना उईकेला सांगितलं.

रीनानं दोन दिवस ते उत्तर लिहिलंच नाही. तिसऱ्या दिवशी ती यादी आणि चार-पाच वह्या घेऊन ताईंच्या टेबलाशी आली.

"मॅडम, ही बाई यादीत तीन जागी आहे. एच मध्ये हज़ान, सी मध्ये चज़ान अन् के मध्ये खज़ान. वह्यांवर पाह्यलं तर तिन्ही जागी पहिलं अक्षर एकच आहे. बाई एकच, लिवणाऱ्यानं तीन केल्या."

"मग खरं कोणतं?"

"ते मले शिकावं लागंन."

मंजुषाताईंनी तिला रोजचा एक तास दिला आणि नोआला थोडा वेळ मागून घेतला. रीना कारंजा तालुक्यातल्या एका गोंड पाड्यावरची. घरी गोंडी, गावात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. एका भाषेतला आवाज दुसरीच्या अक्षरात धरायचा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शाळेत असताना आईची गाणी ती वहीत उतरवायची आणि प्रत्येक ओळीला अडायची.

बावीस अक्षरांचा तक्ता तिनं टेबलासमोर चिकटवला. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय महिन्याभरात झाली. खरी अडचण स्वरांची निघाली. हिब्रूत ते बहुतेक लिहीतच नाहीत, वाचणाऱ्याला ठाऊक असतात. म्हणून दर गुरुवारी ती नोआला फोन लावायची आणि मोडक्या इंग्रजीत शब्द विचारून घ्यायची. मोठ्या ग्रंथालयांचे नियम काढून तिनं एका कागदावर कोष्टक केलं, प्रत्येक हिब्रू अक्षराला एकच इंग्रजी खूण. हज़ानमधल्या पहिल्या अक्षराला एच, पण खाली टिंब. 'त'सारखी दोन अक्षरं होती, त्यांतल्या एकाला साधा टी, दुसऱ्याला खाली टिंब दिलेला टी.

टिंबांवरून एकदा मंजुषाताई तिच्यावर वैतागल्या. टाइप करायला त्रास होतो, नोआ स्वतःच दोन्हींचा उच्चार सारखा करते म्हणते, मग हवीत कशाला, असं त्यांचं म्हणणं. रीनानं ऐकून घेतलं.

"बाईनं दोन वेगळी अक्षरं लिवली आहेत, मॅडम. आपण एक काऊन करावं?"

टिंबं राहिली.

वही सापडली ती चौथ्या महिन्यात. जुन्या यादीत तिचं नाव 'सापार झिप्पोरिम' असं लागलं होतं. पहिल्या शब्दाची अक्षरं बरोबर, स्वर चुकलेले. सापार नाही, सेफेर. दुसऱ्या शब्दात झेड नाही, टी-एस. सेफेर त्सिप्पोरिम, पक्ष्यांचं पुस्तक. नोआला जुनं नाव वाचून दाखवलं तेव्हा ती खूप वेळ हसत होती. सापार म्हणजे न्हावी. आत्याची वही इतकी वर्षं पक्ष्यांचा न्हावी म्हणून कपाटात पडली होती.

पानांचे फोटो पाठवले आणि नोआचं हसू थांबलं. दर पानावर एक पक्षी, तो कुठं दिसला, कधी दिसला, हे तिला सरळ वाचता येत होतं. पण समासात हिब्रू अक्षरांतच काही शब्द होते, ते तिला लागेनात. एक शब्द तर पानोपानी होता. तिला तो पिता वाटला, म्हणजे त्यांच्याकडची रोटी, पण त्यातला 'त' चुकीचा होता. आत्याचं हिब्रू उतारवयात बिघडलं असावं, असं ती हळूच म्हणाली.

रीनानं तो शब्द पाहिला. 'त' टिंबाचा होता. तिनं कोष्टकाप्रमाणे तो मोठ्यानं वाचला आणि खुर्चीत ताठ झाली. तो 'त' नव्हता. हन्नाबाईनं आपल्या दोन अक्षरांतलं एक 'त'ला ठेवलं होतं आणि दुसरं 'ट'ला. शब्द होता पिट्टे. गोंडीत पाखराला पिट्टे म्हणतात. पुढच्या पानावर मल होता, म्हणजे मोर. कुणा गोंड माणसाला विचारून हन्नाबाईनं एकेक नाव टिपलं होतं.

"तुमच्या आत्याचं काही चुकलं नाही," रीनानं फोनवर सांगितलं. "ही माझी भाषा आहे."

नोआनं तिला सगळे शब्द वाचायला लावले. मंजुषाताई शेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या दुपारी त्यांनी यादीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं टाइप केलं: वाचन आणि लिप्यंतर, रीना उईके.

यादी पुरी होऊन सगळ्यांसाठी खुली झाली, तेव्हा हज़ान या नावाखाली एका जागी एकेचाळीस नोंदी दिसू लागल्या. रीनाचे वडील पुनाजी एसटीनं वर्ध्याला आले. धुतलेला सदरा घालून ते ग्रंथालयात शिरले, तेव्हा ताईंनी सगळ्यांना सांगितलं की हे आमच्या रीनाचे बाबा. रीनानं वही उघडून उजवीकडून वाचायला सुरुवात केली. पुनाजी ऐकत मान हलवत होते. एका नावाशी त्यांनी तिला थांबवलं.

"तसं नाई म्हणत. पुन्हा वाच."

तिनं वाचलं. त्यांनी मधला स्वर बदलून म्हणून दाखवलं आणि मग तो पक्षी बोलतो कसा तेही, अगदी हलक्या आवाजात. रीनानं पेन्सिलनं दुरुस्ती केली. मंजुषाताईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चहा सांगितला, आणि वहीतली रीनालाही न लागलेली बारा नावं त्यांच्यासमोर ठेवली.