बाईंचा हात दिसत नाही

चित्रकलेच्या बाईंनी ऑनलाइन क्लास सुरू केला, तेव्हा पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना दिसली ती बाईंची हनुवटी आणि वर गरगरणारा पंखा. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला. तो घसरून पालथा पडायचा, बाई ब्रश टाकून त्याला उभा करायच्या, तोवर इकडे कागदावरचा रंग वाळून जायचा. शाळेने चित्रकला हा विषयच काढून टाकला होता आणि विषयाबरोबर बाईंनाही. उभा जन्म फळ्यापुढे काढलेल्या बाईला घरी बसवेना, म्हणून हा खटाटोप.

बाईंचे यजमान नुकतेच निवृत्त झाले होते. ते क्रेन चालवायचे. उंच लोखंडी सांगाड्याच्या टोकाला, एवढ्याशा केबिनमध्ये बसून, खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताच्या खुणा बघायच्या आणि टनावारी ओझं अलगद जमिनीवर टेकवायचं, हे त्यांचं काम. आता हाताला काम नव्हतं, त्यामुळे तोंडाला भरपूर होतं.

"मास्तरीणबाई," दारात उभं राहून ते म्हणाले, "तुमची पोरं चित्र शिकतायत की पंखा?"

"मग धरा ना तुम्ही फोन! नुसते टोमणे मारायला काय जातंय?"

त्यांनी खरंच धरला. खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून, बाईंच्या खांद्यावरून फोन कागदावर रोखला, आणि त्या दिवसापासून ती जागा त्यांचीच झाली. सुरुवातीला रोज वादावादी. "अहो, सावली पडतेय तुमची." "मग दिव्याला सांगा सरकायला." पण हळूहळू जमत गेलं. बाईंचा ब्रश पाण्याकडे निघाला की फोनही निघायचा, रंग कालवायला लागल्या की थाळीवर उतरायचा, आणि रेघ ओढायची वेळ आली की इतका जवळ यायचा की कागदाचा खरबरीतपणा दिसावा. बाईंना काही सांगावं लागत नसे. मानेवर त्यांचा श्वास जाणवायचा, त्यात आल्याच्या वड्यांचा वास असायचा, आणि बाई शिकवत राहायच्या.

क्लास वाढला. एक नर्स आली, एक निवृत्त हिशेबनीस आले, त्यांना सगळे अण्णा म्हणत. एक बेकरीवाला आला. एक शाळकरी मुलगी आली, तिचा आवाज इतका बारीक की बाईंनी तिचं नाव चिमणीच ठेवलं. आणखीही बरेच जण होते.

आणि मग, ध्यानीमनी नसताना, एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून यजमान बुटाच्या नाड्या बांधायला वाकले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

क्लास बंद राहिला. परगावी राहणारी मुलगी येऊन राहिली आणि परत गेली. जाताना तिने फोनसाठी एक स्टँड आणून दिला, वर गोल दिवा असलेला. घर खायला उठायला लागलं, तेव्हा बाईंनी स्टँड टेबलाला आवळला आणि क्लास पुन्हा सुरू केला. विद्यार्थ्यांना एवढंच सांगितलं, "घरात जरा अडचण होती." खरं सांगितलं असतं, तर पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीतून कुणी ना कुणी हळहळलं असतं, आणि त्या हळहळीपुढे आपला टिकाव लागायचा नाही, हे बाईंना ठाऊक होतं.

पण क्लासला काही रंग चढेना. एकेक चौकट कमी होऊ लागली. मुलीने फोनवर सल्ला दिला, "आई, विचार ना त्यांनाच. काय आवडतं, काय सुधारायला हवं. हल्ली सगळेच विचारतात."

"भीती वाटते गं."

"जन्मभर तू परीक्षा घेतल्यास. एकदा देऊन बघ."

तेव्हा पुढच्या क्लासला बाईंनी ब्रश बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "आज चित्र नाही. आज तुम्ही बोलायचं. या क्लासमध्ये काय बरं आहे आणि काय सुधारावं, अगदी मोकळेपणाने सांगा. मी रागावणार नाही."

आधी नर्सने तोंड उघडलं. "बाई, तुम्ही घाई करत नाही, ते मला आवडतं. ड्युटीवरून येते तेव्हा माझा हात थरथरत असतो. तुम्ही थांबता."

"मला तुमचं रागावणं आवडतं," अण्णा म्हणाले. "घरी मला कुणीच रागावत नाही. म्हाताऱ्याला काय बोलायचं, म्हणून सोडून देतात. इथे चुकलं की तुम्ही झाडता. बरं वाटतं."

सगळे हसले. बाईही हसल्या, कितीतरी दिवसांनी. बेकरीवाल्याला रेकॉर्डिंग मिळतं ते सोयीचं वाटत होतं. भट्टीचं काम उरकलं की तो पुन्हा बघत बसायचा.

"आता उणं सांगा," बाई म्हणाल्या.

आवाज मध्येच तुटतो, कुणीतरी म्हणालं. आमची चित्रं शेवटी घाईघाईत बघून होतात, एकेकाला जरा वेळ द्या, दुसरं म्हणालं. कुठला कागद, कुठले रंग लागतील ते आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ऐनवेळी धावाधाव होत नाही. बाई मान डोलावत होत्या. सगळं रास्त होतं, सगळं करता येण्यासारखं.

मग अण्णा खाकरले. "बाई, रागावू नका, पण हल्ली तुमचा हात दिसत नाही. मध्येच डोकं येतं, नाहीतर बोटं कागदाबाहेर जातात. पूर्वी कॅमेरा आपोआप हाताच्या मागे जायचा. ते कुठलं ऍप होतं? बंद का केलंत?"

"हो बाई," बेकरीवाला म्हणाला. "हात दिसत नाही, हे मीही सांगणार होतो. रंग कालवताना थाळी दिसायची, आता नुसतं ऐकावं लागतं."

बाई काही बोलणार, तेवढ्यात चिमणीचा आवाज आला. "ऍप नव्हतं काही. आजोबा होते."

"आजोबा?" अण्णा म्हणाले.

"तुम्ही नेहमी उशिरा येता ना, म्हणून तुम्हाला माहीत नाही," चिमणी ठसक्यात म्हणाली. "सुरुवातीला बाई पाणी आणायला आत गेल्या की आजोबा आम्हाला टोपली दाखवायचे."

"कसली टोपली?" बाईंनी विचारलं.

चिमणीने जीभ चावली. नर्स ओशाळं हसली. "बाई, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? टेबलाखालची कचऱ्याची टोपली. क्लासच्या आधी तुम्ही सराव करून कागद चुरगळून टाकायचात ना, ते काका बाहेर काढून उलगडायचे. म्हणायचे, बघा, बाईंनी नासवलेल्या नासपत्या. पहिल्या सगळ्यांच्याच नासतात, त्यांच्याही. घाबरू नका. नळ बंद झाला की पटकन सगळं टोपलीत जायचं."

"मी तर तेवढ्यासाठीच क्लासला टिकले," नर्सच पुढे म्हणाली. "पहिल्या आठवड्यात सोडणार होते."

"टोपली परत दाखवा ना," चिमणी म्हणाली. "मला एवढंच सुधारायला हवंय. आजोबा कधी येणार?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. "ते गेले, बाळा."

"कुठे?"

चिमणीच्या चौकटीत बाजूने तिच्या आईचा हात आला, चिमणीच्या खांद्यावर पडला, आणि चौकट काळी झाली. अण्णांनी चष्मा काढला. बाईंनी नुसते हात जोडले आणि फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जुनी रेकॉर्डिंगं लावली. आजवर एकही पाहिलं नव्हतं, स्वतःचा आवाज ऐकणं जिवावर यायचं म्हणून. आता त्या शोधत होत्या तो यजमानांचा चेहरा. कुठेतरी, कधीतरी, फोन उलटा फिरला असेल, क्षणभर तरी दिसले असतील.

दिसले नाहीत. एका ठिकाणी नुसता अंगठा, एका ठिकाणी शर्टाची बाही. आवाज होता. "लवकर बघा रे, नळ बंद झाला की आपला खेळ खल्लास." आणि आणखी एकदा, चिमणीने काहीतरी विचारल्यावर, "मला? छे गं, मला सरळ रेघ येत नाही. मला बघायलाच आवडतं."

बाकी जिकडेतिकडे बाईंचेच हात. सुजलेले सांधे, नखात अडकलेला निळा रंग, बोटात रुतलेली अंगठी. चित्र पूर्ण व्हायचं, बाई 'झालं' म्हणायच्या, तरी फोन लगेच हलत नसे. कागदाच्या कडेला विसावलेल्या हातावर तो थोडा वेळ रेंगाळायचा. एका रेकॉर्डिंगमध्ये बाईंचा त्रासिक आवाज आला, "अहो, झालं म्हटलं ना, बंद करा आता. लक्ष कुठे असतं तुमचं?" आणि मागून ते म्हणाले, "करतो, करतो."

तिथे बाईंना रडू कोसळलं. दिवसकार्य आटोपेपर्यंत आलं नव्हतं, माणसं भेटायला येत होती तेव्हा आलं नव्हतं. आता हुंदके आवरेनात. तोंडात पदराचा बोळा कोंबून त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या आणि पडद्यावर त्यांचा हात नासपतीला सावली देत राहिला.

क्लासमध्ये काय झालं ते मुलीला कळलं, तेव्हा ती पुन्हा रजा टाकून आली. "आई, मी धरते फोन. चांगला धरते बघ." क्लासच्या वेळी खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकवून ती उभी राहिली. मुलगी हुशार. हात छान दिसत होता, थाळी दिसत होती. अण्णा म्हणाले, "वा, आता कसं!" बेकरीवाल्याने अंगठा वर केला. चिमणीही आली होती.

आज वाटी काढायची होती. बाईंनी पेन्सिल टेकवली. मागे कुणीतरी श्वास घेत होतं. तो मुलीचा श्वास होता, साबणाच्या वासाचा, तरुण, भरभर चालणारा. बाईंनी वाटीची कड ओढली ती वाकडी गेली. खोडली, पुन्हा ओढली. पुन्हा वाकडी. ज्या हाताने हजारो वर्तुळं डोळे मिटून काढली असतील, त्याला एक वाटी जमेना.

"आई, थांबू या का?" मुलगी हळूच म्हणाली.

"तू बस तिकडे," बाई म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही, राणी. माझंच होत नाहीये. फोन स्टँडला लाव."

मुलीने डोळे पुसत फोन स्टँडला अडकवला. बाईंनी तो थोडा खाली वाकवला, जमेल तेवढा, आणि पडद्याकडे वळल्या.

"मंडळी, तुम्ही सांगितलेलं सगळं करते. आवाजासाठी नवा माइक घेतलाय. कागद आणि रंग आदल्या दिवशी कळवेन. प्रत्येकाच्या चित्राला वेळ देईन." त्यांनी पेन्सिल पुन्हा हातात घेतली. "हाताचं तेवढं सुधारणार नाही. तेवढं सांभाळून घ्या. दिसलं नाही तर विचारा, मी तोंडाने सांगेन."

मग अण्णांनी आपला कागद पुढे ओढल्याचा आवाज आला.

"बाई," ते म्हणाले, "वाटीची कड डावीकडून सुरू करायची का?"

"डावीकडून," बाई म्हणाल्या. "सावकाश."