लांडग्याच्या मिशा

केडगावच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या ललितानं चिंकाऱ्याचं चित्र पाच महिने चालवलं होतं. रंगीत पेन्सिलींचं काम, एकेका केसावर तीन-तीन रंग चढवायचे. रविवारी शिरूरला वन्यप्राण्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि बुधवारी फक्त डोळा राहिला होता. तो काही जमत नव्हता, कारण समोर मोनिका बसली होती.

मोनिका तिची धाकटी जाऊ. लग्नाआधी सणसवाडीच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. कुठं शिकली नाही, कसली परीक्षा दिली नाही. ललितानं टाकून दिलेल्या बोटभर पेन्सिलींनी तिनं दीड महिन्यात लांडगा काढला होता. माळावर उभा, मान वळवलेला. पहिल्यांदा ललितानं कौतुक केलं होतं. पण पाठीवरची लव कागदावर उतरायला लागली तसं ते कौतुक आटलं.

सासरे ज्ञानू आबा चहाचा कप घेऊन आले. उमेदीत त्यांनी मेंढरांमागं सगळा माळ तुडवला होता. आधी ते थोरल्या सुनेच्या चिंकाऱ्यावर वाकले.

"लई झ्याक हाय. क्यालिंडरावानी."

मग लांडग्याकडं वळले आणि चहा प्यायचाच विसरले. "ह्याचं कान बघ. वारा कुठनं येतोय त्ये कळलंय ह्याला." थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "माझी दोन कोकरं नेली व्हती आसल्यानं."

ललितानं चिंकाऱ्याच्या डोळ्यावर आणखी एक हात दिला. मग आणखी एक. कागद मेणचटून चकचकीत झाला, रंग धरेना.

गुरुवारी मोनिकानं विचारलं, "ताई, मिशा राहिल्यात. तोंड तर सगळं काळं झालंय. आता पांढऱ्या कशा काढू?"

ललिताला उत्तर ठाऊक होतं. ब्लेडच्या टोकानं रंग खरवडायचा, खालचा कागद उघडा पडतो. आठवीच्या पोरांनाही तिनं हे दाखवलं होतं.

"पांढरी पेन्सिल दाबून चालव," ती म्हणाली.

मोनिकानं दाबून चालवली. काळ्यावर पांढरं बसलं नाही, नुसता राखाडी चिखल झाला. ती उठून मोरीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. ललिताला आतून गार वाटलं. मग त्या गार वाटण्याची लाज वाटली. तरीही ती उठून मोरीपर्यंत गेली नाही.

शनिवारी सकाळी लांडगा पुरा झाला होता. मिशा बारीक, ताठ, एक तर मधेच तुटलेली, खऱ्या जनावराची असावी तशी.

"कुणी सांगितलं?" ललिताचा आवाज चढलाच.

"कुणी न्हाई. कंपनीत खोक्यावर चुकीचं छापलं, की आम्ही ब्लेडनं खरवडायचो. म्हणलं, बघू करून."

शिरूरच्या हॉलमध्ये दोन्ही चित्रं शेजारी लागली. ललिता आपल्या चिंकाऱ्याजवळ उभी होती. एक बाई मोबाईल सरसावून म्हणाली, "मॅडम, जरा बाजूला होता का? लांडग्याचा फोटो घ्यायचाय."

ती बाजूला झाली.

प्रदर्शन भरवणारे हौशीराम सर लांडग्याला नाक लावून उभे होते. "मिशा कमाल आहेत. कुणाकडं शिकलात?"

"आमच्या ताईंकडं," मोनिकानं बोट दाखवलं. "सगळं त्यांचंच बघून शिकले."

सरांनी ललिताला हात जोडले. तिनंही जोडले.

परतीच्या एसटीत न्हावरं गाव आलं. ललिता खिडकीकडं बघत म्हणाली, "पांढरी पेन्सिल चालणार नाही, हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगितलं मी."

मोनिका वळून बघत राहिली. "का?"

"तुझा लांडगा चांगला झाला होता, म्हणून."

स्टँडवर माणसं उतरली, दुसरी चढली. एसटी पुन्हा निघाली.

"मला वाटलं, माझाच हात चुकला," मोनिका म्हणाली. "लई रडले मी त्या दिवशी." चौफुला जवळ आल्यावर तिनं विचारलं, "मिशा ब्लेडबिगर करायच्या आसल्या तर खरी रीत काय?"

सांगू नये, असं ललिताला अजूनही वाटलं. तिनं पर्समधून शाई संपलेली रिफिल काढली. प्रदर्शनाच्या पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर दाबून एक रेघ ओढली आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. करड्या पट्ट्यात पांढरी रेघ उमटली.

"रंग लावायच्या आधी कागद असा दाबून ठेवायचा. त्या खाचेत रंग शिरत नाही."

"द्या इकडं."

मोनिकानं रिफिल घेतली. एसटी खड्ड्यांतून उसळत होती, तरी तिनं एका दमात पाच-सहा रेघा दाबून ओढल्या, वरून पेन्सिल फिरवली; उमटल्या त्या मुळाशी जाड आणि टोकाला विरत गेलेल्या. ललिताला अशी रेघ जमायला दोन वर्षं लागली होती.

"आसं का, ताई?"

"असंच," ललिता म्हणाली. तिनं पत्रक मोनिकाच्या मांडीवर ठेवलं आणि पुढची रीत सांगायला लागली.