चऱ्यापर्यंत अकरा फेऱ्या

रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाजवळ, मामेलोडीतल्या आपल्या घरी म्मापित्सी लेद्वाबाने नुकतीच सुई तबकडीवर टेकवली आहे. खोलीत तेवीस माणसं आहेत. 

मित्रांनो, ती सुई माझी आहे. तबकडी ज्या थाळीवर फिरते आहे, ती थाळीही माझीच. मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे. वय त्रेचाळीस वर्षं, वजन एकोणीस किलो. आणखी चार मिनिटांनी सुई तबकडीवरच्या एका चऱ्यापाशी पोचेल. तो चरा मी ओलांडेन की तिथेच अडकेन, हे या घरात कुणालाही माहीत नाही. मलाही नाही. तोवर चार मिनिटं आहेत. तेवढ्यात माझी हकीकत सांगून होईल.

माझा जन्म दूरच्या एका थंड गावातला. कारखान्यात माणसं सहा. बैठक दगडाची, थाळी धातूची, सुई धरणारा दांडा बोटाएवढा बारीक. सगळं जोडून झाल्यावर तिथला एक म्हातारा मोटर सुरू करी आणि दगडी बैठकीवर एक नाणं कडेवर उभं करी. नाणं पडलं की माल परत आत. माझ्यावरचं नाणं तासभर उभं राहिलं. शेवटी जेवायची वेळ झाली म्हणून म्हाताऱ्याने ते उचललं. त्या दिवसापासून मला स्वतःबद्दल फारशी शंका आलेली नाही.

प्रिटोरियातल्या एका दंतवैद्यांनी मला विकत घेतलं. डॉक्टर लूट्स. ते रविवारी सकाळी सुती हातमोजे घालून तबकडी लावत. ऐकताना सगळ्यांनी खुर्चीत बसायचं, पाय हलवायचा नाही, नातवंडांनी खोलीत यायचं नाही. पाहुणे माझी स्तुती करत आणि डॉक्टर ती स्वतःची असल्यासारखी स्वीकारत. दहा वर्षं मी असा वाजलो. मग सीडी आल्या. मला गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं आणि माझ्या झाकणावर रंगाचा डबा ठेवला. तो डबा बत्तीस वर्षं हलला नाही. थाळी फिरवणारा माझा रबरी पट्टा उन्हाळ्यांत वितळून डांबरासारखा चिकटला. डॉक्टर गेल्यावर त्यांच्या मुलीने मला माराबास्टाड या बाजारपेठेतल्या न्ताते माशिशींच्या दुकानात सोडलं. इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मानाने न्ताते म्हणतात आणि बाईला म्मे.

माशिशी पूर्वी टेलिफोनच्या तारा जोडत. आता जुने प्लेअर जोडतात. त्यांनी आठ महिने माझ्यावर काम केलं आणि मला फळीवर ठेवलं. शेजारी आणखी एक प्लेअर होता. अक्रोडी लाकडाचा, चकचकीत, चार स्प्रिंगांवर झुलणारा. नुसती फुंकर घातली तरी हले आणि पुन्हा शांत होई. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्याकडेच जाई.

तीन आठवड्यांपूर्वी म्मापित्सी दुकानात आली. ती शाळांचे गणवेश शिवते. बरोबर न्ताते सॉली मोगाने होते, दुरंगी बुटांचे आणि तिरप्या टोपीचे. ते 'पहिला रविवार' मंडळाचे चिटणीस. या मंडळाची माणसं महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणातरी एकाच्या घरी जमतात, आपापल्या जॅझच्या तबकड्या आणतात आणि त्यावर नाचतात. जोडीने नाही, एकेकट्याने. ढोल काय म्हणतो ते टाचेने दाखवायचं, कर्णा काय म्हणतो ते खांद्याने.

माशिशींनी विचारलं, "म्मे, काय ऐकणार? त्यावर ठरवू."

"एकच रेकॉर्ड. पण ती आज नाही लावता येणार. वर्ष भरायला अजून तीन आठवडे आहेत."

"म्हणजे नवरी न बघताच लग्न?"

"नवरी मला पाठ आहे, न्ताते. तिला सांभाळणारा बघायला आलेय."

प्रकरण असं होतं. म्मापित्सीचा नवरा फिनिआस गेल्या वर्षी वारला. मंडळाचा नियम असा, की सभासद गेला की त्याची आवडती तबकडी वर्षभर कुणी लावायची नाही. वर्ष भरलं की ती त्याच्याच घरी लावायची आणि पहिला नाच घरच्या माणसाचा. फिनिआसची आवडती तबकडी त्याचीच होती. तरुणपणी तो एका बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायचा. त्या बँडने आयुष्यात एकच तबकडी काढली, आणि घरात तिची हीच एक प्रत उरली आहे.

त्या तबकडीवर चरा आहे, आणि तो फिनिआसनेच पाडला. नाचताना त्याचं कोपर दांड्याला लागलं. तेव्हापासून गाणं तिथे आलं की अडके, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. मग फिनिआस नाचत नाचत येई, करंगळीने दांडा उचलून थोडा पुढे ठेवी आणि पुन्हा नाचायला जाई. लोक टाळ्या वाजवत. पण नेमका तिथेच त्याचा ट्रॉम्बोन सुरू होतो. त्याच्या वादनाची सुरुवात म्मापित्सीने शेवटची ऐकली तेव्हा तिची थोरली मुलगी पाळण्यात होती. ती मुलगी आता एकतीस वर्षांची आहे. घरातला जुना प्लेअर फिनिआसच्या मागोमाग महिन्याभरात बंद पडला.

तर त्या दिवशी दुकानात दोघं खुर्च्यांवर बसली. सॉलींनी उशीच्या अभ्र्यातून स्वतःची एक तबकडी काढली. आधी माझ्यावर लावली, मग अक्रोडी प्लेअरवर. दोघांनी डोळे मिटले, हनुवटीला बोट लावलं. एरवी एक क्षण स्वस्थ न बसणारी ही माणसं दुकानात आली की न्यायाधीश होतात.

"ऐकलंस, औसी? बासवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येतोय." सॉली तिला औसी म्हणतात, म्हणजे ताई; ती त्यांना आबुती, म्हणजे दादा.

"येणारच, आबुती. तेव्हा जिवंत होता तो."

खरं तेच सांगतो. त्या दिवशी अक्रोडी माझ्यापेक्षा चांगला वाजला. फार नाही, पण वाजला. म्मापित्सीने त्याला निवडलं. मी फळीवर राहिलो.

पुढचं मला त्यांच्या भांडणातून कळलं, कारण बारा दिवसांनी ती दोघं अक्रोडीला गोधडीत गुंडाळून परत आली. फिनिआसच्या घरात एक गोष्ट होती, जी दुकानात नव्हती. सिमेंटवर बूट मुके होतात, असं तो म्हणायचा. म्हणून एका शाळेच्या मोडीत काढलेल्या रंगमंचाच्या फळ्या आणून त्याने खोलीभर ठोकल्या होत्या. त्या फळ्यांवर सॉलींनी तालीम म्हणून दोनदा टाच मारली. अक्रोडी स्प्रिंगांवर होडीसारखा डुलला आणि सुई तबकडीवरून आडवी पळाली.

सॉली तणतणत होते. "माझी रेकॉर्ड गेली! चाळीस वर्षं जपली होती."

"बूट तुझाच होता, आबुती."

"बूट माझा, फळ्या तुझ्या नवऱ्याच्या. मग गुन्हा कुणाचा?"

"आपला दोघांचा," म्मापित्सी म्हणाली. "आपण बसून पारख केली. आमच्या घरात बसून कधी कुणी ऐकलंय?"

दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती पुन्हा आली. या वेळी सॉलींखेरीज मंडळातले तीन म्हातारे बरोबर होते, आणि एका हातगाडीवर फिनिआसच्या उखडलेल्या चार फळ्या. तिने त्या दुकानाच्या मधोमध विटांवर मांडायला लावल्या. एका टोकाला प्लेअर, उरलेल्या भागावर नाच.

माशिशी घाबरले. "म्मे, हे दुकान आहे. दारूचा अड्डा नाही."

"दुकान आहे म्हणूनच. माल पारखून घेतेय."

आधी अक्रोडीला पुन्हा संधी मिळाली. माशिशींनी त्याच्या स्प्रिंगा आवळल्या. सॉलींच्या चौथ्या टाचेला सुई उडाली. मग मला ठेवलं. सॉली नाचले. मग दुसरे म्हातारे नाचले, मग चौघं एकदम. दारात माणसं जमली. भाजलेली कणसं विकणारी एक बाई ओरडली, "ए आजोबा, उद्या गुडघे शोधत फिराल!" सॉली न थांबता म्हणाले, "उद्याचे गुडघे उद्या!"

माझी सुई उडाली नाही. याचं कारण मला माहीत आहे. फळ्या हलल्या तेव्हा मीही हललो, पण माझी थाळी आणि माझा दांडा एकाच दगडाला धरून आहेत. हलतात ते एकत्र. त्यामुळे सुईला आपली वाट सुटल्यासारखं वाटतच नाही. सॉलींनी घाम पुसला आणि माझ्यावर थाप मारली. "हा प्लेअर नाही, दगड आहे."

"दगडच हवाय," म्मापित्सी म्हणाली.

मला वाटलं, झालं. पण तिने चष्मा लावला, दांडा उचलला आणि माझी सुई उजेडात धरली. आयुष्यभर सुया हाताळणारी बाई ती.

"न्ताते, ही सुई कधीची?"

 ती सुई दंतवैद्यांच्या काळातली होती. माशिशींनी माझं सगळं बदललं होतं, तेवढी ती राहू दिली होती.

"बोथट आहे," ती म्हणाली. "बोथट सुई कापड शिवत नाही, फाडते. हिच्याखाली मी माझी रेकॉर्ड ठेवणार नाही."

माझा गर्व तिथे एक पायरी उतरला. आठ दिवसांनी नवी सुई आली. माशिशींनी ती इवल्याशा तराजूवर टेकवून तिचा भार मोजला. एक ग्रॅम आणि आठ दशांश. मग ते म्हणाले, "म्मे, नाचाची खात्री देतो. चऱ्याची देत नाही. चरा आडवा असला तर सुई ओलांडते. तिरपा असला तर मागे ढकलली जाते."

"खात्री नकोच आहे."

"अडकली तर कुणी उचलायची?" सॉलींनी विचारलं. "मी उभा राहतो जवळ."

"कुणी नाही. अडकली तर अडकू दे. त्याचं बोट आता कुणी व्हायचं नाही."

काल मला इथे आणलं. चार फळ्या पुन्हा आपल्या जागी ठोकल्या. माझी बैठक चारही कोपऱ्यांत समतल असल्याची खात्री म्मापित्सीने स्वतः केली, पाण्याने भरलेली बशी ठेवून. स्वयंपाकघरात मोगोडूचं, म्हणजे वजडीच्या रश्श्याचं, पातेलं मंद आचेवर आहे आणि आल्याच्या बिअरची बादली झाकून ठेवली आहे. गाणं संपल्याशिवाय कुणी काही वाढून घ्यायचं नाही, असं ठरलं आहे.

मित्रांनो, वेळ थोडा आहे, म्हणून सांगायचं ते सरळ सांगतो. माझ्यासारखं यंत्र घ्यायला जाल तेव्हा घरी जसे वागता तसेच दुकानात वागा. नाचत असाल तर तिथे नाचा, लोक हसले तरी. आणि घेतल्यावर सुईकडे लक्ष द्या. पट्टा तुटला की कळतं, मोटर बंद पडली की कळतं. सुई बोथट झाली की काहीच कळत नाही. ती गोड वाजत राहते आणि तबकडी खात राहते. मी बत्तीस वर्षं रंगाच्या डब्याखाली काढली, त्याची तक्रार नाही. पण त्या सुईने मी एखाद्याचा शेवटचा आवाज खरवडला असता, तर दगडी बैठक असून काय उपयोग होता?

आता दोन वाजून चौदा मिनिटं झाली आहेत. म्मापित्सी खोलीच्या मधोमध नाचते आहे. पायात फिनिआसचे दुरंगी बूट आहेत, पुढे कापूस कोंबलेले. तिच्या टाचा फळ्यांवर पडतात तेव्हा मला त्या खालून लागतात. सुई वाटेवर आहे. पियानो मागे सरला. ढोलवाला एकटा उरला आहे, म्हणजे आता ती जागा येणार.

सॉली माझ्या अगदी जवळ उभे आहेत. त्यांचा उजवा हात आपोआप वर आला. म्मापित्सीने नाच न थांबवता त्यांच्याकडे फक्त पाहिलं. त्यांनी हात मागे घेतला आणि डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

चऱ्यापर्यंत अकरा फेऱ्या उरल्या आहेत. एका फेरीला एक सेकंद आणि आठ दशांश लागतात. सुईचं वजन बरोबर आहे. फळ्या वाजत आहेत.

दहा.