शेवटची दाढ

"आ करा. अजून मोठा. मगर बघितलीय का कधी?"

बायकोने एका हाताने त्याची हनुवटी धरली होती, दुसऱ्या हातात टॉर्च होता. दातमिस्त्रीने आ केला. आत बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. उजवीकडे मागे एक दाढ, तिच्याभोवती सुजलेली लालभडक हिरडी. मोडलेल्या कुंपणाचा शेवटचा खांब उभा असावा तशी ती दाढ एकटीच उभी होती, आणि तीही हलत होती.

"ही आज जाणार." बायकोने टॉर्चचा उजेड स्वतःच्या तोंडावर घेतला, म्हणजे ओठ नीट दिसावेत. "संध्याकाळी डॉक्टरकडे. मागच्या खेपेला खुर्चीतून पळून आलात, तसं आज चालायचं नाही."

"आज गाडी आहे."

"गाडी कधी नसते?"

"आज तसली गाडी नाही," तो म्हणाला आणि गाल धरून बसला.

सगळा गाव त्याला दातमिस्त्री म्हणायचा, कारण तो इंजिन दाताने ऐकायचा. लाकडी मुठीचा, हातभर लांब स्क्रू पिळायचा पेचकस. त्याचं टोक चालत्या इंजिनावर टेकवायचं, मूठ दातात धरायची, डोळे मिटायचे. मग मूठ काढून सांगायचं: हे गेलंय, ते जाणार आहे, आणि ते तिसरं तुझ्या मेकॅनिकने मागच्या वेळी उगाच बदललंय. लोकांना वाटायचं, ही त्याची लकब. मोठ्या कारागिराला लकब शोभते, म्हणून कुणी खोलात गेलं नाही.

खरी गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती. तरुणपणी एका ट्रकचं टायर त्याच्या तोंडाशी फुटलं होतं. त्या आवाजाने समोरच्या न्हाव्याच्या हातून वस्तरा पडला आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने पळालं ते पुढे जन्मभर अर्ध्याच दाढीने हिंडलं, असं सांगतात. दातमिस्त्रीने मात्र तो आवाज अर्धाच ऐकला. उरलेल्या अर्ध्यात कानाचे पडदे फाटले होते. पुढे एकदा दोन्ही हात कामात अडकले म्हणून त्याने पेचकस दातात धरला, टोक इंजिनाला लागलं, आणि कित्येक महिने मुकं झालेलं जग कवटीतून बोलायला लागलं. तेव्हापासून दात हेच त्याचे कान.

माणसांचं बोलणं तो ओठांवरून घ्यायचा. त्यामुळे मिशीवाल्या गिऱ्हाइकाची गाडी तो घेत नसे. मिशाळ माणूस गिअर चुकीचे टाकतो, असं तो छातीठोकपणे सांगायचा, आणि गावातल्या निम्म्या लोकांना ते पटलंही होतं. बायकोला भांडायचं असलं की ती दिव्याखाली येऊन उभी राहायची. तो डोळे मिटून घ्यायचा. त्या घरात भांडणं अशी मिटायची.

पण प्रत्येक इंजिनाने आपली दक्षिणा घेतली. समोरचे दोन रोडरोलरने नेले. सुळा एका बोटीच्या इंजिनाने. बाकीचे कुणी कुणी. कवळीने ऐकू येतं का, हे बघायला त्याने मेव्हण्याची कवळी उसनी आणून चावून पाहिली होती, नुसती खडखड. मेव्हणा तीन दिवस पेजेवर राहिला ते वेगळंच. पेचकस कपाळाला लावून पाहिला, कानामागच्या हाडाला लावून पाहिला. आवाज यायचा, पण भिंतीपलीकडचं भांडण ऐकावं तसा. चाललंय एवढं कळतं. कोण कुणाला काय म्हणतंय, ते कळत नाही.

म्हणून दाढ राखली होती. ठणकायची, रात्ररात्र झोपू द्यायची नाही, तरी राखली होती.

"आणि हे बघा," बायकोने त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारून त्याचं लक्ष ओठांकडे वळवलं. "मुलीनं निरोप पाठवलाय. त्या हिरव्या गाडीचं जावईबुवांनी काय ते सांगून झालंय. गिऱ्हाइकासमोर त्यांचा शब्द खाली पाडू नका, म्हणाली."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी म्हणते, मिठाच्या पाण्यानं चूळ भरा आणि जा."

गॅरेजमध्ये हिरवी गाडी मधोमध उभी होती. दोनच माणसं बसतील एवढी, बुटकी, लांब नाकाची. धावायला वाकलेल्या माणसासारखी. बॉनेट उघडं होतं. आणि बॉनेटच्या बरोबर वर, छताच्या तुळईला, चेनकुप्पी लटकत होती. इंजिन उपसून वर घ्यायची ती जाडजूड साखळी. आकडा खाली सोडलेला. म्हणजे निकाल आधीच लागला होता. फक्त वाचायचा राहिला होता.

जावई पुढे आला. लग्नात तो चांगला गुळगुळीत होता. गॅरेज हातात आलं तशी मिशी आली, आणि ती अशी वाढली की खालचा ओठसुद्धा पाहुण्यासारखा क्वचित दिसायचा. गेली कित्येक वर्षं जावई काय बोलतो ते दातमिस्त्रीला कळलेलं नव्हतं. तो "बघू" म्हणायचा. जावयाला वाटायचं, सासरा आपल्याला हिशेबात धरत नाही.

आताही मिशी हलली. दातमिस्त्री म्हणाला, "बघू."

गाडीच्या पलीकडे मालकीणबाई उभ्या होत्या. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली बाई. गावात त्यांना टेलिफोनबाईच म्हणत. शब्द सुटा सुटा, ओठ स्वच्छ. छापलेलं वाचावं तसं त्यांचं बोलणं वाचता यायचं. शिवाय जुनी सवय अशी, की समोरच्याने सांगितलेलं पुन्हा म्हणून खात्री करून घ्यायची.

"म्हणजे तुमचं म्हणणं," त्या जावयाला म्हणाल्या, "चौथ्या सिलिंडरखालचं बेअरिंग गेलंय. इंजिन बाहेर काढून पूर्ण उघडावं लागेल."

मिशी हलली.

"चौथ्या प्लगची वायर काढून त्या सिलिंडरवरचा भार घालवला की ठोका मऊ होतो, म्हणून बेअरिंग. असं?"

"किती मऊ?" दातमिस्त्रीने विचारलं.

मिशी जरा थांबून हलली.

"थोडा मऊ वाटतो, म्हणताहेत," टेलिफोनबाईंनी जोडून दिलं.

"वाटतो," दातमिस्त्री म्हणाला. जावयाचे कान लाल झाले. ते बघायला ओठ लागत नाहीत.

टेलिफोनबाईंनी बॉनेटच्या कडेवर हात ठेवला. "मिस्त्री, आणखी दोघांना दाखवली. दोघंही उघडा म्हणाले, पण एकानेही वाकून बघितलं नाही. हे इंजिन आमच्या ह्यांनी स्वतः जोडलंय. मागच्या खोलीत, जेवणाच्या टेबलावर. वर्षभर आम्ही जमिनीवर बसून जेवलो. मी दिवा धरायची. शेवटचा बोल्ट त्यांनी आवळला, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. उघडायचं असेल तर उघडा. गेलं असेल तर गेलं, माझी काही तक्रार नाही. पण खरंच गेलं असेल तरच. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

दाढ ठणकली. तोंडून, म्हणे.

त्याने खिळ्यावरचा पेचकस काढला. मूठ धोतराच्या सोग्याने पुसावी तशी शर्टाच्या टोकाने पुसली. लाकडावर जुन्या दातांचे खड्डे होते. तिथे नसलेले सगळे दात अजून हजर होते.

"चालू करा."

इंजिन चालू झालं, हे त्याला बॉनेट थरथरायला लागल्यावर कळलं. त्याने टोक पहिल्या सिलिंडरखाली टेकवलं आणि मूठ त्या एका दाढेखाली सरकवून चावली.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. हिरडीतून निघालेली कळ कानात, कानातून मस्तकात गेली. त्या कळेच्या मागून, हळूहळू, इंजिन आलं. गोल, भरीव, तेलात बुडालेलं फिरणं. पहिला साफ. टेलिफोनबाईंच्या नवऱ्याचा हात त्याला ओळखू आला. माणूस घाईचा नव्हता.

दुसरा. साफ. कपाळावरून घाम ओघळून डोळ्यात गेला. लांबून कुठूनतरी ठोका येत होता, खट्, खट्, दारावर कुणी बोटाच्या पेराने वाजवावं तसा.

तिसरा. इथे ठोका जवळ आला. पण घरात नव्हता, शेजारी होता. बेअरिंगचा असेल तर चौथ्याचा. नाहीतर चौथ्याच्या कडेला पेट्रोल ओढणारा लहानसा पंप होता, दोन बोल्टवर बसवलेला. त्याचा दांडा झिजला तरी अगदी असाच खटखटतो आणि भल्याभल्यांना फसवतो. एकाला इंजिन उपसायचं, दुसऱ्याला दोन बोल्ट. आता टोक बोटभर पुढे सरकवायचं, एवढंच उरलं होतं. त्याने दाढ घट्ट आवळली आणि टोक सरकवलं.

मुळापासून काहीतरी कट्कन निसटलं. आणि सगळं शांत झालं.

इंजिन तर चालू होतं, बॉनेट थरथरत होतं. शांत झालं ते त्याच्या कवटीत. तोंडात खारट ऊब पसरली. त्याने मूठ बाहेर काढली. दाढ लाकडात रुतून बसली होती, एखाद्या खुंटीसारखी.

टेलिफोनबाईंनी तोंडावर हात नेला. जावई पुढे धावला. मिशी भरभर हलत होती. दातमिस्त्रीने हात वर करून दोघांना थांबवलं आणि रक्त रुमालात थुंकलं. दुखणं थांबलं होतं. बेट्याला नेमका आजच मुहूर्त सापडला होता.

दोघं त्याच्याकडे बघत होते. दातमिस्त्री आता काय म्हणणार? त्याने म्हटलं की झालं. चाळीस वर्षं असंच चाललं होतं. 'जावईबापू म्हणतात ते बरोबर' म्हटलं तर मुलीच्या घरी दिवाळी, आणि तेच खरंही असू शकत होतं. 'पंप आहे' म्हटलं तर बाई खूश, आणि तेही खरं असू शकत होतं. चुकलाच, तर त्याच्याकडे बोट कोण दाखवणार? त्याने जावयाकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं, टेलिफोनबाईंच्या बॉनेटवर ठेवलेल्या हाताकडे पाहिलं.

"पहिला, दुसरा, तिसरा साफ आहेत," तो म्हणाला. "ते मी ऐकले. चौथा नाही ऐकला. चौथ्याचं मला माहीत नाही."

हे शेवटचं वाक्य त्याच्या तोंडाला इतकं नवं होतं, की म्हणताना जीभ दोनदा रिकाम्या हिरडीवर आपटली.

"मग परत ऐका," टेलिफोनबाई म्हणाल्या. "आज नको. तुम्हाला बरं वाटलं की."

"बाई, आता माझ्याजवळ ऐकायला काही उरलेलं नाही."

त्या त्याच्या कानांकडे बघत राहिल्या. जावईही बघत राहिला. गेल्या कित्येक वर्षांतले सगळे 'बघू' एकामागून एक त्याच्या डोळ्यांतून जाताना दिसले.

दातमिस्त्रीने दाढ उपटून खिशात टाकली, मूठ पुसली आणि पेचकस जावयापुढे धरला.

"जावईबापू, तुम्ही ऐका."

मिशी हलली. टेलिफोनबाई म्हणाल्या, "ऐकलंय म्हणताहेत."

"कानानं ऐकलंय. कानाला आपल्याला हवं ते ऐकू येतं. दातात धरा. आधी चौथा, मग पंप. आणि मग यांना सांगा. मला सांगू नका, यांना सांगा. मी काही मध्ये बोलणार नाही."

जावयाने पेचकस घेतला. वाकला. मूठ दातात धरली. बत्तीसच्या बत्तीस दात, देवाने नको तिथे दिलेले. टोक चौथ्यावर टेकलं. डोळे आधी उघडेच होते. मग मिटले.

दातमिस्त्री त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता. आपण ऐकत असताना लोकांना असंच उभं राहावं लागत असेल, हे त्याला पहिल्यांदा कळलं. जावयाने टोक पंपावर नेलं. परत चौथ्यावर आणलं. परत पंपावर. कपाळाला आठी पडली, गेली, परत पडली. माणूस ऐकत होता की काय बोलायचं ते ठरवत होता? एव्हाना नव्या बेअरिंगसाठी पार्टवाल्याला निरोपही गेला असणार, साखळी टांगली होती, एकदा बोलून झालं होतं. बोललेलं गिळायला दात असून उपयोग नसतो.

जावई सरळ झाला. इंजिन बंद झालं. टेलिफोनबाई गाडीला वळसा घालून त्याच्यासमोर गेल्या, आणि त्यांची पाठ दातमिस्त्रीकडे झाली.

मिशी हलली. थोडंसंच. तीन-चार शब्द असतील.

टेलिफोनबाईंनी या वेळी ते पुन्हा म्हटलं नाही. निदान पाठीवरून तरी तसं दिसलं नाही. त्यांचे खांदे खाली आले. दुःखानेही येतात आणि सुटल्यावरही येतात. विचारता आलं असतं. पण मध्ये बोलणार नाही, असा शब्द देऊन चुकला होता. तो रुमाल तोंडाशी धरून उभा राहिला.

जावयाचा हात वर साखळीकडे गेला. आकडा धरला. दातमिस्त्रीने नजर जमिनीवर वळवली, आणि परत वर केली. जावयाने आकडा ओढून बाजूच्या खांबाला अडकवला, गाडीपासून लांब. मग तो पान्यांच्या ट्रेपाशी गेला. मोठ्या पान्यांवरून हात फिरत पुढे गेला आणि त्याने अगदी कडेचा, लहानातला लहान पाना उचलला.

दोन बोल्ट. पंप बाहेर आला. दांडा झिजून बोरूसारखा टोकदार झाला होता. जुन्या सामानातून दुसरा पंप शोधून बसवेपर्यंत टेलिफोनबाई दिवा धरून उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

इंजिन पुन्हा चालू झालं. दातमिस्त्रीने मडगार्डवर पंजा टेकवला. थरथर येत होती. ठोका आहे की गेला, ते हाताला कळत नव्हतं. त्याने हात तसाच ठेवला.

कुणीतरी खांद्याला धरून त्याला वळवलं. जावई होता. दाराच्या उजेडात त्याच्यासमोर उभा राहून त्याने दोन बोटांनी मिशी वर उचलून धरली आणि ओठ सावकाश हलवले.

"पंप होता, मामा."

मग त्याने पेचकस पुढे केला. दातमिस्त्रीने मुठीवरून अंगठा फिरवला. जुने खड्डे ओळखीचे होते. त्यांच्यामध्ये नवी रांग होती, सरळ, दाट, अजून ओली. त्याने पेचकस जावयाच्या हातात परत दिला.

"पुसून ठेव," तो म्हणाला. "लाकूड ओलं राहिलं की सडतं."